डावा कान, नमुना एकेचाळीस

हाड मऊ व्हायला चार महिने लागले.
रोज सकाळी द्रावण बदलायचं,
बाटलीवर तारीख टाकायची.
तेवढ्यात औरा नदी गोठली,
पोरं तिच्यावरून चालत पलीकडे गेली,
मग बर्फ काळवंडला, तडकला, समुद्राकडे निघाला,
तरी ते हाड सुईला दाद देईना.
देहातलं सगळ्यांत चिवट हाड,
आणि आत जपून ठेवलेलं काय, तर
वाटाण्याएवढा एक शंख,
अडीच वेढ्यांचा.

नाव मला कळायला नको होतं.
नमुन्याला फक्त आकडा, असा नियम.
पण त्याची बायको दर महिन्याला फोन करते
आणि सुरुवातच नावाने करते:
तैस्तोचं काही कळलं का?

तैस्तो लेहतोवारा. तुर्कूच्या गोदीत एकतीस वर्षं.
जहाजाच्या दुहेरी तळात आडवा शिरून
हवेच्या छिन्नीने वेल्डिंगचे कंगोरे तासायचा.
लोखंडी पेटीत माणूस, माणसाच्या हातात कल्लोळ.
कानात कापूस, तोही आठवला तर.
निवृत्तीच्या वेळी कान तपासले:
'वयाच्या मानाने ठीक.'
त्या कागदाची घडी अजून आउनेच्या पर्समध्ये आहे.
ठीक. पण चार माणसं जेवायला बसली
की तो नुसता मान डोलवायचा,
आणि रात्री, सगळं निजल्यावर, विचारायचा:
किटली उतरवलीस का?
किटली केव्हाच उतरलेली असायची.
तरी ती उठून पाहून यायची.
बावीस वर्षं.

आता अंधाऱ्या खोलीत मी आणि लेझर.
काचेवर तेलाचा एक थेंब,
भिंग त्यात अलगद टेकतं.
पाव मायक्रॉनचा एकेक थर, खाली, अजून खाली,
सुरी न लावता कापत जाणं हे.
पहिल्या वेढ्यात, जिथे बारीक, टोकदार स्वर उतरायचे,
तीन रांगांतलं कुणीच उरलेलं नाही.
कुंपण उपटल्यावर जमिनीत राहतात
तशा नुसत्या खुणा.
त्याच्या पुढे फसवणूक आहे:
पेशी उभ्या, केस ताठ,
हजेरी घ्या, सगळ्या हजर.
पण त्यांच्या तळाशी बघा.
लाल ठिपका म्हणजे निरोप देणारा,
त्याला खेटून हिरवा, तो घेणारा.
इथे लाल आहेत. हिरवे नाहीत.
आम्ही यांना पोरके म्हणतो.
मी पोरके मोजते.
एका पेशीपाशी डझनभर जोड्या असाव्यात;
तीन. चार. दोन. परत तीन.
मोजता मोजता डोळ्यांत पाणी येतं,
भावनेने नव्हे, पडद्याच्या उजेडाने.

मे महिन्यात आउने स्वतःच आली,
रबरी बूट दाराशी काढून,
वेलची घातलेला पाव फडक्यात बांधून.
'दाखव ती शिट्टी.'
म्हटलं, शिट्टी दिसत नाही.
भिंगाखाली दिसतात त्या रिकाम्या जागा.
निरोप यायचे थांबले की मेंदू आवाज वाढवत नेतो,
असा आमचा आपला अंदाज;
रात्री उशिरापर्यंत दाराकडे बघत बसलेल्याला
नसलेली पावलं ऐकू येतात, तसं काहीसं.
ती वाजत होती जिथे, ते तर तुम्ही पुरलंत.

ती गप्प.

मग मी सरकवत सरकवत तिला
वरच्या, शेवटच्या अर्ध्या वेढ्याशी नेलं.
जाड, खालचे स्वर इथवर चढून येतात.
लाल, हिरवा. लाल, हिरवा.
जवळजवळ सगळे जोडीने.
'तुमच्या नावातला आ आणि उ
इथे नीट पोचत असणार.'

ती वाकली. चष्मा कपाळावर ढकलला. बराच वेळ पाहिलं.
'म्हणजे हाक ऐकू यायची मेल्याला,'
म्हणाली, हसली, नाक पुसलं,
'आणि उठून मात्र मीच जायचे.'

ती गेल्यावर खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर उरली.
शेवटच्या वेढ्यातल्या दोन पेशी मोजायच्या राहिल्या होत्या.
अकरा.
बारा.
पाव अजून कोमट होता.